विधेयक वाचणारे कोणी हवे

१ फेब्रुवारी २०२३ रोजी लोकसभेत मांडल्या गेलेल्या वित्त विधेयकात आयकर कायद्याच्या कलम ४३ ब मध्ये एक छोटेसे पोटकलम घालण्याचा प्रस्ताव होता. सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घेतलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत चुकते झाले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून वजा मिळणार नाही; पैसे प्रत्यक्ष दिले जातील त्या वर्षीच मिळेल, असा त्याचा आशय होता. मुदत काही नवी नव्हती. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमातच ती होती : लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर फार तर ४५ दिवस. नवे होते ते तिला आयकराची वेसण घालणे. कलम ४३ ब मधील इतर बहुतेक देणी विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत भागवली तरी चालतात. ती सवलत येथे जाणीवपूर्वक वगळली होती.

विधेयक छापील स्वरूपात सर्वांसाठी खुले होते. २४ मार्च २०२३ रोजी लोकसभेने ते गदारोळात, चर्चेविना, साठाहून अधिक सरकारी दुरुस्त्यांसह मंजूर केले. बाजारपेठेत या पोटकलमाची खरी धावपळ सुरू झाली ती २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने, जेव्हा ३१ मार्च तोंडावर आला आणि हिशेबनीस येणे-देणे जुळवू लागले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यांचा माल उचलून दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर व्यवहार करणाऱ्या पेढ्यांना तेव्हा कळले, की आपल्या खतावणीतील कित्येक रकमा करपात्र नफा म्हणून उभ्या राहणार आहेत. निवेदने गेली, शिष्टमंडळे दिल्लीला गेली, पण कायदा झालेला होता.

पोटकलम वाईट होते असे नव्हे. त्याच वसाहतीतल्या लहान कारखानदाराला त्याचे पैसे वेळेवर मिळावेत, हा हेतू कोणालाही मान्य व्हावा. कित्येक घरांत तर एक भाऊ कारखानदार आणि दुसरा व्यापारी असतो, त्यांच्या जेवणाच्या ताटावरच या तरतुदीचे दोन्ही पक्ष मांडले गेले असतील. प्रश्न वेगळा आहे. विधेयक मांडले गेले तेव्हा ते वाचून ‘या ओळीचा मराठवाड्यातल्या घाऊक बाजारावर असा परिणाम होईल’ असे एखाद्या खासदाराला दोन पानांत सांगणारे कोणी होते काय? आणि नसेल, तर का नव्हते?

खासदाराच्या कार्यालयाची रचना पाहिली की उत्तर मिळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित दरांनुसार खासदाराला कार्यालयीन खर्चापोटी दरमहा ७५,००० रुपये मिळतात. त्यांपैकी २५,००० लेखनसामग्री व टपालासाठी आणि ५०,००० सहायकासाठी. हा सहायक कसा असावा, याबद्दल नियमाची अपेक्षा एवढीच, की त्याला संगणक येत असावा. कायदा यावा, अर्थसंकल्प वाचता यावा, अशी अट नाही. व्यवहारात ही व्यक्ती दिवसभर काय करते, हे ज्यांना खासदाराच्या घरी जाण्याचा प्रसंग आला आहे ते जाणतात : रेल्वेच्या आरक्षणाची पत्रे, शाळाप्रवेशाची शिफारस, रुग्णालयातील खाटेसाठी दूरध्वनी, उद्घाटनांचे वेळापत्रक. ही कामे हलकी नाहीत. मतदारसंघ त्यावरच चालतो. पण ती करून उरलेल्या वेळात कोणी शंभर-दीडशे पानी विधेयक वाचेल, ही अपेक्षा भोळी आहे.

न्यायसंस्थेने हा प्रश्न बराच आधी सोडवला. जालना रस्त्यावर, चिकलठाण्याकडून शहरात येताना लागणारे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले आणि मराठवाड्यातील कित्येक घरांनी त्यानंतरच मुलांना वकिलीकडे वळवले. आज उच्च न्यायालय मुंबईबरोबर नागपूर आणि येथील खंडपीठासाठीही लॉ क्लर्क नेमते. नुकताच पदवीधर झालेला तरुण वा तरुणी न्यायमूर्तींसाठी प्रकरणांची टिपणे काढते, जुने निवाडे शोधते, युक्तिवादातील कच्चे दुवे दाखवते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या भरतीत अशा सहायकांना दरमहा ८०,००० रुपये मानधन देऊ केले होते. कायद्याचा अर्थ लावणाऱ्याला मदतनीस आहे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या शासनालाही आहे : महाराष्ट्रात २०१५ पासून मुख्यमंत्री फेलोशिप चालते, मधल्या खंडानंतर २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि निवडक ६० तरुण मंत्रालयात व जिल्ह्यांत प्रशासनाबरोबर काम करतात. कायदा करणाऱ्याच्या हाताशी मात्र कोणी नाही.

ही उणीव केवळ आपल्याकडची नव्हे. अमेरिकेत न्यायाधीशांचे लॉ क्लर्क एकोणिसाव्या शतकापासून आहेत, पण काँग्रेसमध्ये तशी पदे निर्माण करावीत म्हणून कायद्याचे प्राध्यापक दोन दशके आग्रह धरून आहेत. डॅनियल वेबस्टर यांच्या नावाने आणलेले ‘काँग्रेशनल क्लर्कशिप’चे विधेयक २००८ आणि २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केले, पुढे सेनेटमध्ये ते अडकले आणि त्याचा कायदा झाला नाही. मागणी लहान होती, डझनभर पदांची. त्यामागचा तर्क मात्र विचार करण्याजोगा होता : कायद्याचे हुशार पदवीधर पहिले वर्ष न्यायाधीशाच्या दालनात घालवतात, म्हणून आयुष्यभर ते कायद्याकडे न्यायालयाच्या खिडकीतूनच पाहतात. कायदा जिथे घडतो, तडजोडीत अर्धा होतो आणि शेवटच्या क्षणी एका शब्दाने बदलतो, ते दालन त्यांनी पाहिलेलेच नसते.

भारतात या दिशेने पडलेले सर्वांत टिकाऊ पाऊल सरकारचे नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या संस्थेने २०१० मध्ये ‘लेजिस्लेटिव्ह असिस्टंट्स टू मेंबर्स ऑफ पार्लमेंट’ ही योजना आणली. आद्याक्षरांवरून तिला ‘लॅम्प’ म्हणतात. वय साधारण पंचविशीच्या आत, कोणत्याही शाखेची पदवी, आणि काम पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरीपर्यंत. एका फेलोला एक खासदार. पक्ष कोणताही असू शकतो, आणि तो फेलोच्या आवडीचा असेलच असे नाही. कायद्याचे पदवीधर यात मोठ्या संख्येने जातात, हे ओघानेच आले. मानधन वीस-तेवीस हजारांच्या आसपास राहिले आहे. वयाची मर्यादा आणि रक्कम प्रत्येक वर्षीच्या जाहिरातीत पाहावी.

काम काय असते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण ‘खासदाराकडे नोकरी’ म्हटल्यावर घरच्यांच्या डोळ्यांपुढे पांढरी मोटार आणि हारतुरे येतात. अधिवेशनातील प्रश्न हे त्यातले रोजचे काम. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकिताला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळते. प्रश्नाची सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते, आणि मागणी जागांहून कितीतरी अधिक असल्याने सोडत काढली जाते. प्रश्न कसा लिहिला आहे यावर उत्तराची किंमत ठरते. ‘लघु उद्योगांसाठी सरकार काय करीत आहे?’ असे विचारले की योजनांची यादी मिळते. ‘मागील तीन वर्षांत सार्वजनिक उपक्रमांकडे लघु उद्योगांची ४५ दिवसांहून जुनी किती देणी थकली, उपक्रमनिहाय सांगावे’ असे विचारले की आकडा द्यावा लागतो, आणि तो आकडा सभागृहाच्या नोंदीत कायमचा राहतो. बँकेत कर्जप्रस्तावाची छाननी करणारा अधिकारी आणि चांगला प्रश्न लिहिणारा सहायक यांचे कसब एकच : नेमकी कोणती नोंद मागायची, हे ठाऊक असणे.

दुसरे काम विधेयक वाचण्याचे. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी उद्देश व कारणांचे निवेदन असते. सर्वसाधारण वाचक तेवढेच वाचतो आणि वर्तमानपत्रही बहुधा तेवढेच छापते. त्याच्या पुढे वित्तीय ज्ञापन असते, म्हणजे तिजोरीवर भार किती. आणि नियम करण्याचे कोणते अधिकार शासनाकडे सोपवले आहेत, ते सांगणारे आणखी एक ज्ञापन. व्यापाऱ्याने खरे तर हे शेवटचे पान आधी वाचावे. कारण त्याच्या दुकानात जे पोहोचते ते बहुधा अधिनियम म्हणून नव्हे, तर अधिसूचना म्हणून. महाराष्ट्रातील प्लास्टिकबंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली. तिच्यामागचा अधिकार राज्याच्या २००६ च्या अविघटनशील कचऱ्यासंबंधीच्या अधिनियमात बारा वर्षे आधीच दिलेला होता. २००६ साली ते कलम ज्या वेळी सभागृहापुढे होते, तेव्हा पिशव्या आणि वेष्टने करणाऱ्या किती कारखानदारांनी ते पाहिले असेल?

तिसरे काम समित्यांचे, आणि खासदाराचा खरा अभ्यास तिथेच दिसतो. नव्या आयकर कायद्याचा प्रवास त्यासाठी पाहण्यासारखा आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी विधेयक मांडले गेले आणि ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेले. समितीने जुलैत अहवाल दिला. त्यात २८५ सूचना होत्या. मूळ मसुद्यात एक तरतूद अशी शिरली होती, की विवरणपत्र मुदतीनंतर भरले तर परताव्याचा हक्कच जावा. आजारपणात वा अडचणीत उशीर झालेल्या सामान्य करदात्याचे पैसे त्यामुळे बुडाले असते. समितीने ती काढायला सांगितली आणि सरकारने ती काढली. मूळ विधेयक मागे घेऊन ११ ऑगस्ट रोजी नवे आणले गेले आणि लोकसभेने ते त्याच दिवशी मंजूर केले. ५३६ कलमे, १६ अनुसूची, एक दिवस. जे वाचन झाले ते समितीच्या बंद दालनात आधीच झालेले होते. तिथे कोणी वाचले नसते तर सभागृहात वाचायला वेळ नव्हताच.

राज्याच्या पातळीवर परिस्थिती याहून नाजूक आहे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधानपरिषदेत ७८ सदस्य, त्यांपैकी मराठवाड्यातून विधानसभेवर ४६. पीआरएसच्या वार्षिक आढाव्यांतून दिसते, की देशातील विधानसभा सरासरीने वर्षाकाठी वीस-बावीस दिवस भरतात आणि जवळजवळ निम्मी विधेयके मांडल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संमत होतात. महाराष्ट्राचे कामकाज या सरासरीहून अधिक दिवस चालते, एवढे समाधान. तरीही लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे, अर्धा तास चर्चा, कपात सूचना ही आयुधे वापरायला आमदाराला अभ्यासू हात लागतो, आणि तो सहसा नसतो. ज्येष्ठ व्यापाऱ्यांना स्थानिक संस्था कर आठवत असेल. २०१३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुकाने बंद राहिली, कित्येक दिवसांचा धंदा बुडाला, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीला तो माफ झाला. बंदने जे दोन-अडीच वर्षांनी मिळाले, त्यातले थोडे तरी मसुद्याच्या वेळी मांडता आले नसते काय?

आमदार कायद्याचा उगम होऊ शकतो, याचा दाखला याच राज्यात आहे. १९६० ते १९७८ विधानपरिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तासगाव तालुक्यात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये अधिनियम झाला आणि २००५ मध्ये देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. विधिमंडळाने आपल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला पागे यांचेच नाव दिले आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग भरवते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तो चुकवू नये. पण अभ्यासवर्ग म्हणजे वर्षभराची उमेदवारी नव्हे. राज्याच्या आमदारासाठी ‘लॅम्प’सारखी स्थिर व्यवस्था अजून यायची आहे.

आता घरातला प्रश्न. शहरात माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे, २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे, आणि व्यापारी घरांतील मुली-मुले तिथून दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्यापुढे ठेवले जाणारे रस्ते तीन : करसल्ला, न्यायाधीशपदाची परीक्षा, किंवा पुण्या-मुंबईतील कंपनी. दिल्लीत वीस हजारांवर एक वर्ष, हे ऐकल्यावर ज्येष्ठांचा चेहरा पडतो, आणि तो पडणे अगदीच अवाजवी नाही. खोलीभाडे व जेवण यातच मानधन संपेल. घरून महिना दहा-पंधरा हजार पाठवावे लागतील असे धरून चालावे. वर्षाचे दीड-पावणेदोन लाख. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्याच्या कैक पट रक्कम विनातक्रार मोजली जाते, ही गोष्ट शेजारी ठेवून पाहिली की आकडा तितका मोठा वाटत नाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर एक योग जुळून येतो, तो फारसा कोणी सांगत नाही. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेत परतफेडीची सुरुवात अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने होते. म्हणजे हप्ता नसलेले ते एक वर्ष या कामासाठी जणू मोकळेच ठेवलेले असते. मात्र मंजुरीपत्र काढून वाचावे. जुन्या कर्जांत ‘नोकरी लागल्यापासून सहा महिने’ अशी अट असू शकते, आणि मानधन हे नोकरीत धरले जाईल काय, हे शाखेत लेखी विचारून घ्यावे. त्या वर्षात व्याज चढतच असते. ते दरमहा भरत राहिल्यास पुष्कळ बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात.

तोटेही स्पष्ट सांगायला हवेत. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे सनदधारक वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून अशा कामाला जाण्यापूर्वी सनद घ्यावी की नंतर, आणि घेतली असल्यास ती स्थगित ठेवावी काय, याचा निर्णय आधी व्हावा. न्यायाधीश होण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हिशेब आणखी कडक आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेले काम त्यात धरावे, असे निकालात म्हटले आहे. खासदाराकडील वर्षाला तशी मान्यता त्यात नाही. ज्या मुलीला न्यायासनच गाठायचे आहे तिने खंडपीठाचा रस्ता धरावा, हेच बरे. ज्याला कर, व्यापार, पर्यावरण वा सहकार या क्षेत्रांत वकिली करायची आहे, त्याला मात्र मसुदा कसा शिजतो हे आतून पाहिल्याचा लाभ पुढची तीस वर्षे मिळत राहील.

ज्यांना एकदम वर्ष देणे शक्य नाही त्यांच्यासाठी केंद्रीय विधी मंत्रालयाची ‘इन्स्टिट्यूट ऑफ लेजिस्लेटिव्ह ड्राफ्टिंग अँड रिसर्च’ ही १९८९ पासूनची संस्था आहे. मसुदालेखनाचे अभ्यासक्रम ती चालवते, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक उमेदवारीची सोयही २०१३ पासून आहे. तयारी मात्र घरच्या घरी सुरू होते. येत्या अधिवेशनातील एखादे छोटे विधेयक घ्यावे आणि आपल्या बाजारातील एका धंद्यावर त्याचा काय परिणाम होईल, ते दोन पानांत मराठीत लिहून वडिलांना वाचायला द्यावे. वडिलांना ते समजले तर खासदारालाही समजेल. मुंबईतल्या विधिमंडळाचा कारभार मराठीत चालतो; इंग्रजी माध्यमातील हुशार मुलांना कायद्याचे मराठी शब्द अडतात, आणि तेथे मराठवाड्यातील मुलांचे पारडे जड आहे.

समाजातील शैक्षणिक निधी वैद्यकीय आणि सनदी लेखापालाच्या शिक्षणाला उदारपणे मदत करतात. वर्षाला एका कायदा पदवीधराच्या या दीड-दोन लाखांचा भार उचलणे त्यांना जड नाही. एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागेल. मदत विद्यार्थ्याला असावी, लोकप्रतिनिधीला नव्हे. निवड विद्यापीठाने किंवा योजनेने करावी, देणगीदाराने नव्हे. आणि मूल तिकडे रुजू झाल्यावर घरच्यांनी त्याला रेल्वेचे आरक्षण, बदलीची शिफारस किंवा ‘त्या विधेयकाचे पुढे काय ठरले’ हे विचारू नये. व्यापाऱ्याच्या पैशाने बसवलेला माणूस म्हणून त्याच्याकडे एकदा पाहिले गेले, की त्याने लिहिलेल्या टिपणाला त्या दालनात काही वजन उरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या शहरातून जाणाऱ्या मुलालाही ते चिकटते.